कारळ्याच्या शेतापाशी

पिकअपने आचके देत रस्त्याकडेला मान टाकली, तेव्हा ऊन चढू लागलं होतं. मागे चाळीस मधपेट्या होत्या, आणि त्यांची दारं जाळीने बंद होती. तीन लाख किलोमीटर धावलेल्या त्या गाडीचे स्पार्क प्लग मुरलीधर बदलायला लागला. तीन निघाले. चौथा हलेना.

"इंजिन तापलंय. जोर लावला तर आटे जातील," तो बायकोला म्हणाला. "निवेपर्यंत दुपार होईल."

सिंधूने एका पेटीवर हात ठेवला. उकाड्याने आतली गुणगुण चढली होती. "माश्या तोवर जगायच्या नाहीत. दारं उघडा."

"परक्या रानात? परत येतील कशावरून?"

सिंधूने जाळीकडे बोट केलं. त्याने एकेक जाळी काढली. शेजारचं कारळ्याचं शेत पिवळंधमक फुललं होतं. माश्या गिरक्या घेत तिकडे उतरल्या, आणि दोघं बाभळीखाली बसून बघत राहिले. वीस वर्षं माश्यांमागे फिरताना असा रिकामा दिवस त्यांना मिळालाच नव्हता. बघता बघता दोघांचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. प्लग सहज निघाला. नवा बसवून मुरलीधरने चावी फिरवली, तर इंजिन न अडखळता चालू लागलं. पेट्यांकडे बघायचा मात्र त्याला धीर होईना.

"आल्या," सिंधू म्हणाली. शेतावरून माश्यांची सोनेरी रांग पेट्यांकडे येत होती. "इंजिन बंद करा. उद्याचा दिवसही राहू या इथेच."