सर्वांत कमी दर

स्मशानातल्या शेडसाठी आलेली तिन्ही दरपत्रकं ग्रामसेवकानं सभेत मोठ्यानं वाचली. सर्वांत कमी दराच्या कागदावरचं नाव ऐकून मागे बसलेल्या अनसूयाबाईंनी पदर सारखा केला. नाव त्यांच्या नवऱ्याचं होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती.

नियमाला तीन दरपत्रकं लागतात, म्हणून सरपंचांचा मेहुणा दर वेळी तिन्ही स्वतःच भरायचा. मयत ठेकेदाराचे छापील कागद आणि शिक्का पंचायतीच्या कपाटात आयतेच पडून होते, आणि मयत काही तक्रार करायला येत नव्हता. यंदा मात्र घाईघाईत मेहुण्यानं आपला कमी दर त्याच कागदावर लिहून टाकला.

नवऱ्याचे गवंडी सांभाळत अनसूयाबाई दोन वर्षं याच दारात काम मागत होत्या आणि "बाईमाणसाला कसलं टेंडर?" ऐकून परत जात होत्या. आज त्या उठल्या. "कामाचा आदेश आमच्या ह्यांच्या नावानं काढा."

"अहो वहिनी, भाऊ वारले ना?" सरपंच म्हणाले.

"हो का? मग ही सही कुणाची?"

मेहुण्याला एकदम खिडकीबाहेरचं आभाळ बघावंसं वाटलं. सरपंचांनी विचार केला. खोटी सही कबूल करण्यापेक्षा माणूस जिवंत करणं सोपं होतं.

"काढा हो आदेश," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "वहिनी त्यांच्या वतीनं काम बघतील."

ग्रामसेवकानं फॉर्म पुढे ओढला आणि सवयीनं विचारलं, "ठेकेदाराला स्मशानाचा अनुभव?"

"आहे की," अनसूयाबाई म्हणाल्या. "दोन वर्षांचा."