पाचवा उतारू

"दंड भरणार न्हाय म्हणजे न्हाय," सिद्धनाथ कोर्टाच्या व्हरांड्यात पुन्हा म्हणाला आणि वकिलानं कपाळाला हात लावला.

स्टँडवरच्या टॅक्सीवाल्यांनीही वकिलासारखंच सांगितलं होतं. जादा उतारू घेतल्याचं कबूल कर, पैसे टाक, मोकळा हो. पण आधीचे दोन दंड नावावर होतेच. तिसरा लागला की टॅक्सीचा परवाना जाणार होता, आणि परवान्याशिवाय ती जुनी अँबॅसिडर म्हणजे दारातलं कोंबड्यांचं खुराडं. बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडची उरलीसुरली मेंढरं विकून त्यानं ती घेतली होती.

शिवाय आधीचे दंड त्यानं मुकाट्यानं भरले होते, कारण ते खरे होते. सिद्धनाथ काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. जादा उतारू कोंबावेत, नाका आला की बोळातून गाडी काढावी, हवालदार चहाला वळला की सुसाट निघावं, हे सगळं त्याला येत होतं. सोलापुरातली गल्ली न् गल्ली त्यानं त्यासाठीच पाठ केली होती. संताप याचाच होता की ज्या दिवशी तो माणुसकीनं वागला, नेमका त्याच दिवशी धरला गेला.

त्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी विरुपाक्ष नावाचा एक तरुण त्याच्यापुढं हात जोडून उभा राहिला. अक्कलकोटच्या बाजूचा शेतकरी. सोबत आई नागव्वा, दोघं भाऊबंद, आणि भिंतीला टेकवून बसवलेला म्हातारा बाप, बसलिंगप्पा.

"डॉक्टरनं घरी न्या म्हटलंय," विरुपाक्ष म्हणाला. "दोन टॅक्सीवाले न्हाय म्हणाले. तुमी तरी चला की, मामा."

"पाच जण हायेत तुमी. परवाना चारचा हाय."

विरुपाक्षचे हात जोडलेलेच होते. नागव्वा पदरात तोंड घालून रडत होती. सिद्धनाथनं ओठावर आलेली शिवी गिळली आणि पुढचं दार उघडलं.

म्हाताऱ्या अप्पांना दोघांनी उचलून पुढच्या सीटवर बसवलं. कपाळावर विभूती, अंगावर शाल. थंडीचे दिवस, म्हणून उपरणं कानावरून घेऊन हनुवटीखाली घट्ट बांधलेलं. चौघं मागं दाटीवाटीनं बसले. विरुपाक्षनं मागून बापाचे खांदे धरले ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. पोरगा असावा तर असा, सिद्धनाथच्या मनात आलं.

"आतल्या रस्त्यानं घ्या की, मामा."

"तिकडं लई खड्डे हायेत. आजारी माणसाची हाडं खिळखिळी करायची हायेत काय?"

विरुपाक्षनं थोड्या वेळानं पुन्हा सुचवलं. सिद्धनाथनं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच जादा उतारू घेऊन तो सरळ डांबरी रस्त्यानं निघाला.

वाटेत तो अप्पांशी बोलत राहिला. मालट्रकवाले पोत्यांवर पोती लादून जातात ते हवालदाराला दिसत नाही, गरिबाच्या गाडीतलं एक डोकं मात्र लांबून दिसतं, असं सगळं त्यानं घडाघडा सांगून टाकलं. अप्पा मध्ये एक शब्द बोलले नाहीत. अधूनमधून मान तेवढी हलवायचे. नाक्याजवळ डांबर उखडलं होतं, तिथं तर त्यांनी लागोपाठ होकार दिला. घरच्या माणसांनीही सिद्धनाथचं गाऱ्हाणं कधी इतक्या शांतपणे ऐकून घेतलं नव्हतं.

नाक्यावर हवालदारानं काचेवर काठी वाजवली आणि डोकी मोजली.

"आजारी माणूस हाय, साहेब," सिद्धनाथनं विनवलं.

"मग दुसरं कुणीतरी उतरा."

मागचं कुणीच हललं नाही. हवालदारानं गाडीचा नंबर लिहून घेतला आणि खटला भरला.

आज साक्षीला विरुपाक्ष एकटाच आला होता. कपाळावर विभूती, केस तेल लावून चापून बसवलेले.

"अप्पांना आणा म्हणून निरोप धाडला होता की," सिद्धनाथ तडकला. "तेवढेच तर माझ्या बाजूचे होते."

"त्यांना आणता येईना, मामा. मी सांगतो काय ते."

पुकारा झाला. हवालदारानं पाच उतारू सांगितले. सिद्धनाथला विचारलं तेव्हा वकिलानं केलेल्या खुणा न बघता तो बोलून गेला.

"पाच होते, साहेब. मी खोटं बोलत न्हाय. पण पाचवा दुखणेकरी होता. त्याला रस्त्यावर टाकून जायचं होतं काय? माणुसकीला दंड लावायचा असंल तर खुशाल लावा."

"कायदा दुखणेकऱ्यालाही मोजतो," मॅजिस्ट्रेट शांतपणे म्हणाले आणि साक्षीदाराकडं वळले. "गाडीत उतारू किती होते?"

"चार, साहेब."

सिद्धनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. याच्यापायी परवाना पणाला लावला, आणि हा भर कोर्टात त्यालाच खोटं पाडत होता. उपकाराची ही फेड.

"नीट आठवून सांगा," मॅजिस्ट्रेटांचा आवाज चढला. "तुमचे वडील पुढं बसले होते ना?"

"व्हय. मीच बसवलं होतं."

"मग चार कसे?"

विरुपाक्षनं सिद्धनाथकडं वळून हात जोडले. "चुकलं आमचं, मामा. खरं सांगितलं असतं तर तुमीबी न्हाय म्हणाला असता."

मग तो मॅजिस्ट्रेटांकडं वळला.

"अप्पा दवाखान्यातच वारले होते, साहेब. आमच्यात बसवूनच माती देत्यात. आडवं नेलं असतं, तर घरी पोचंस्तवर अंग ताठलं असतं."