टीव्हीशेजारची पांढरी बाई

अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या टाउनहाउसचा अख्खा हॉल गिरिजाने पांढराशुभ्र सजवला होता. टीव्हीशेजारी खास चिनी पोर्सेलीनची, कमळावर उभी असलेली एक शांत बाई ठेवली होती. सकाळचा कॉल संपवून बाहेर येते तर त्या दुधासारख्या कपाळावर ठसठशीत कुंकू!

"अहो आई, ते शोपीस आहे! डेकोरला मॅच होतं म्हणून आणलंय."

"कमळावर उभी आहे, चेहऱ्यावर एवढी माया, आणि म्हणे शोपीस!" नागपूरहून आलेल्या सासूबाई फणकारल्या.

तेवढ्यात शेजारच्या चिनी लिनची आई रिकामा डबा परत द्यायला आली. तिला ना मराठी येत होतं ना इंग्रजी. कुंकवाकडे तिची नजर गेली. म्हातारी तरातरा घरी गेली.

"बघा, रागावल्या ना त्या!" गिरिजा सासूबाईंना म्हणाली.

पाचच मिनिटांत म्हातारी परतली, ती तीन संत्री आणि उदबत्ती घेऊन. संत्री मूर्तीपुढे ठेवून तिने हात जोडले. शेजारी सासूबाईंनीही जोडले.

गिरिजाने पायातल्या स्लिपर काढल्या.