परतीच्या सीट्स

सहलीच्या वेळापत्रकात पाचव्या दिवसाच्या ओळीवर श्रीधररावांचं बोट थांबलं. 'सकाळी नऊ, शशांकच्या घरून विमानतळ. परतीच्या सीट्स : ३.'

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तीनच. व्हॅन्कुव्हरच्या बाकी सगळ्या दिवसांत मात्र चार माणसं होती. पहिल्या दिवशी समुद्राकाठच्या बागेत घोडागाडी, चार जण. दुसऱ्या दिवशी छोट्या बोटीतून बाजार, तिसऱ्या दिवशी झुलता पूल, चौथ्या दिवशी मोठ्या फेरीबोटीनं व्हिक्टोरिया. सगळीकडे चार.

जपानमधल्या ग्योतोकुच्या त्या दोन खोल्यांच्या घरात रविवारची दुपार होती. जावई विश्वजित नात जुईला पोहायला घेऊन गेला होता. अक्षया बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. श्रीधरराव हातातला कागद तसाच धरून लेकीच्या पाठीकडे पाहत राहिले.

पुण्याहून येऊन दोन आठवडे झाले होते आणि या दोन आठवड्यांत काही गोष्टी त्यांना खटकत होत्या. आल्या आल्या अक्षयानं त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या होत्या. कुठली गोळी कधी, याची इंग्रजीत यादी केली होती. कुणासाठी, ते सांगितलं नव्हतं. त्यांच्या मुलानं, शशांकनं, व्हॅन्कुव्हरहून फोनवर सांगितलं होतं, "खालची खोली तयार आहे बाबा, कपाटही नवं आणलंय." चार रात्रींसाठी कपाट कशाला लागतं? आणि परवा ते चहाला उठले, तेव्हा नवराबायको बोलता बोलता एकदम गप्प झाले होते.

भावाबहिणीनं मिळून ठरवलं असणार. म्हाताऱ्याला फिरायला म्हणून न्यायचं आणि तिथंच ठेवायचं.

"अक्षया, जरा आत ये."

ती हातात चिमटे घेऊनच आली. कागद दिसला तशी थबकली.

"परतीला तीनच का?"

"हा कुठे मिळाला तुम्हाला?"

"प्रिंटरवर पडला होता. मी काय विचारलं?"

"विश्वजित आला की सांगणारच होतो आम्ही."

"आत्ता सांग." श्रीधररावांचा आवाज चढला नाही. "मला शशांककडे ठेवायचं असेल तर ठेवा. पण मला विचारायचं होतं. मी काही बॅग नाही, इथून उचलली आणि तिथे ठेवली."

अक्षया त्यांच्याकडे बघतच राहिली. मग समोरच्या खुर्चीवर बसली.

"बाबा, त्या तिघांत तुम्ही आहात."

"मग?"

"मी राहणार आहे."

श्रीधररावांना एकदम हलकं वाटलं. ते चेहऱ्यावरही दिसलं असावं, कारण अक्षयानं मान दुसरीकडे वळवली. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"तिथल्या विद्यापीठात काम आहे," ती म्हणाली. "समुद्राच्या पाण्यावरचं, माझ्याच विषयातलं. एका वर्षाचं. शशांककडे खालच्या खोलीत राहीन. त्यांनी आधी दोनदा बोलावलं होतं. पहिल्यांदा जुई पोटात होती. दुसऱ्यांदा आईचं आजारपण. आता नाही म्हटलं तर पुन्हा विचारणार नाहीत."

"विश्वजितला माहीत आहे?"

"हा प्लॅन त्यानंच केलाय."

"आणि जुई?"

"तिला अजून सांगितलं नाही. मार्चमध्ये परीक्षा झाली की ती माझ्याकडे येईल. तोवर विश्वजित आहे. जानेवारीपासून त्याच्या आई येतील." ती हातातला चिमटा उघडत-मिटत राहिली. "आणि जानेवारीपर्यंत..."

"जानेवारीपर्यंत मी." श्रीधररावांनी कागद टेबलावर ठेवला. "म्हणजे मला त्यासाठीच बोलावलंस. जपान बघायला या, कॅनडा बघायला या, ते सगळं उगाच."

उगाच नाही, असं म्हणायला तिला जागा होती. तिनं तसं म्हटलं नाही.

"हो," ती म्हणाली. "औषधांची यादीही विश्वजितसाठी केली, डॉक्टरला दाखवावी लागली तर. त्याला काही माहीत नसतं."

आठ वर्षांच्या पोरीला सोडून जाणार, तुझी आई असती तर काय म्हणाली असती, हे श्रीधररावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. समोर अक्षया खाली मान घालून बसली होती, जणू तेच वाक्य ऐकायला. त्यांना तिचा भांग दिसला. तिथे बरेच केस पांढरे झाले होते. इतके कधी झाले, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.



दार उघडलं. "तादाइमा," असं जपानीत 'आले मी' ओरडत जुई आत आली, बूट भिरकावून. केसांतून पाणी गळत होतं. मागून आलेल्या विश्वजितनं टेबलावरचा कागद पाहिला, मग बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तो पोहण्याची पिशवी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

जुई कंगवा घेऊन सवयीनं आईपुढे जाऊन बसली.

"इकडे ये," श्रीधरराव म्हणाले.

जुईनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. "आजोबा, यू डोन्ट नो हाउ."

"नाही येत. शिकेन."

तिनं आईकडे पाहिलं. आई काही म्हणेना, तशी ती सरकत सरकत आजोबांच्या पायांशी आली आणि पाठ करून बसली. श्रीधररावांनी कंगवा कपाळापासून खाली ओढला. दोन बोटांवरच तो गुंत्यात अडकला. त्यांनी जोर लावला.

"इताई, दुखतंय," जुई कळवळली आणि तिनं डोकं धरलं.

अक्षया अर्धवट उठली. हात पुढे आले होते. मग ती परत बसली आणि दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून धरले.

"खालून सुरू करा, बाबा," ती म्हणाली. "आधी टोकं सोडवायची."