मांड

ठमी पुन्हा थांबली.

"चल की गं!" तिने ठमीला टाच मारली. घोडी चार पावलं दुडक्या चालीने गेली आणि वळणावर परत उभी. ये रे माझ्या मागल्या! सकाळपासून हेच चाललं होतं. घोडी लंगडत नव्हती, बुजत नव्हती, तोंड वेडंवाकडं करत नव्हती. वळण आलं की नुसती उभी राहायची, रांगेत नंबर लावल्यासारखी.

खुब्याच्या ऑपरेशनला आठ महिने झाले होते. डॉक्टरांनी घोड्यावर बसायला हो म्हटलं होतं, पण डाव्या पायात पहिला जोर नव्हता. वळणावर मांड सुटायची आणि ती त्या बाजूला कलायची. पण म्हणून काय घोडीने असं उभं राहायचं?

उद्या सकाळी रायडिंग स्कूलच्या बाई दोन्ही घोडे न्यायला येणार होत्या. ठरवलं होतं तिनेच. आज न थांबता रिंगणाची एक फेरी झाली तर घोडे राहतील. नाही झाली तर आपण घोडे बाळगायच्या लायकीचे उरलो नाही, असं तिने घरात सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. बोललेला शब्द मागे घ्यायची तिला सवय नव्हती. आणि आता तो घशात अडकला होता.

"अगं, दमली असेल ती," कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसलेला नवरा म्हणाला.

"दमायला काय केलंय तिने? आठ महिने बसून खाल्लंय."

"पाणी आणू?"

"तिला की मला?"

"दोघींना."

"तुम्ही तुमचा चहा प्या."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तरी हा माणूस घोड्याला गाजर द्यायचं तर हात लांब करून आणि तोंड फिरवून द्यायचा. त्याच्याशी घोड्यांबद्दल काय बोलणार? ती खाली उतरली आणि सगळा राग मामांवर काढला. मामा म्हणजे तिचे म्हातारे मोतद्दार. खरारा, दाणापाणी, तबेला, सगळं तेच बघायचे.

"मामा, हिला बिघडवलीत तुम्ही. हॉस्पिटलमधून रोज फोन करत होते मी. रोज पाठीवर वजन द्या, रोज अर्धा तास फिरवा. फिरवलंत का?"

"एक दिवस खाडा नाही, ताई."

"मग ही अशी पुतळ्यासारखी का उभी राहते?"

मामा ठमीचा लगाम उगाच नीट करत राहिले.

"आजोबाला आणा."

आजोबा हा दुसरा घोडा. वय झालेलं, पण जन्मात कधी हट्ट केला नव्हता त्याने. स्टुलावर चढून ती त्याच्या पाठीवर बसली. घोडा चालायला लागला आणि तिच्या लक्षात आलं, पाय रिकिबीत पोचतच नाहीयेत. पट्टा आखूड करायला ती डावीकडे वाकली.

आजोबा थांबला.

आता मात्र ती रागवायचीही विसरली. घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं ते तिला दिसलं. रिकिबीचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवलेला होता. मामा उंचीने तिच्या खांद्याला लागायचे. एवढे लांब पाय आसपास एकाच माणसाचे होते आणि ते आत्ता खुर्चीखाली सरकत होते.

"मामा, याच्यावर कोण बसत होतं?"

"माझे गुडघे गेलेत, ताई," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा माणूस बघितला असता. साहेब म्हणाले, मी बसतो. दोन्हींवर."

ती नवऱ्याकडे वळली. तो थर्मासचं झाकण फिरवत होता.

"तू म्हणालीस ना, पाठीवर वजन हवं," तो म्हणाला. "वजन तर माझ्याकडे आहेच."

"तुम्हाला बसता येतं?"

"कुठलं यायला?"

"पडलात?"

"सुरुवातीला रोज. का कोण जाणे, डावीकडेच. मग मी कलायला लागलो की हे थांबायला लागले. मी नाही शिकवलं हं. त्यांचं त्यांनीच ठरवलं."

गेले कित्येक महिने 'गादी बदलल्यापासून कंबर धरते' असं सांगून हा माणूस तिच्याकडून रोज रात्री मलम चोळून घेत होता. तिला रडू आलं. आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

"त्या बाईंच्या शाळेतल्या पोरांना असेच घोडे बरे, ताई," मामा हळूच म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा! अहो, त्या बाईंना फोन करून सांगा, उद्या येऊ नका म्हणावं. बिघडलेले घोडे मी कुणाच्या गळ्यात मारत नसते. यांना सुधारायलाच वर्ष जाईल."

"आणि फेरीचं काय?"

"होईल तेव्हा होईल! बघत काय बसलात? चढा ठमीवर. खोड तुम्ही लावलीत, तुम्हीच मोडायची."

तो उठला. मामांनी स्टूल धरलं. कण्हत, कुंथत, आयाळ मुठीत धरून तो एकदाचा वर पोचला, आणि पोचला तो डावीकडे कलूनच. ठमी जागची हलली नाही.

"अहो, सरळ! पाठ सरळ!" ती आजोबाला त्याच्या शेजारी घेऊन आली. "असं काय पोत्यासारखं बसायचं?" म्हणत त्याचा खांदा नीट करायला ती वाकली.

आजोबाही थांबला. ती ओरडत राहिली, आणि दोन्ही घोडे एकमेकांना लागून शांतपणे उभे राहिले.