संत्र्याची साल

तिसऱ्या बरणीतला काटा सत्तरवर होता. गांजाच्या कळ्यांवर टेकवलेली ती दमटपणा मोजणारी तबकडी कोटाच्या बटणाएवढी. काटा साठच्या आसपास हवा. ग्लेंडाने बरणीच्या काचेवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

तिने झाकण फिरवलं आणि मान मागे घेतली. वास नाकात सुईसारखा शिरला. मांजराच्या शी-शूच्या, न बदललेल्या मातीसारखा, अमोनियाचा. गांजा ओला असतानाच बरणीत भरला गेला होता आणि आतल्या आत कुजत होता. तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

ती रात्रीच कूमा गावाहून परतली होती. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ती तिकडे राहून तिची देखभाल करत होती. तेवढ्या दिवसांत ही बरणी नेव्हिलने एकट्याने भरली होती. रोज फोनवर तो वासाची बातमी द्यायचा. कालही म्हणाला होता, “तिसरी सगळ्यात भारी. संत्र्याची साल. अजून एक आठवडा.”

हा ‘अजून एक आठवडा’ तिला पाठ झाला होता. उन्हाळ्यात नेव्हिलचा डावा अंगठा थरथरायला लागला. “डॉक्टरला दाखव,” ती म्हणाली. “रोपं कापून होऊ देत,” तो म्हणाला. कायद्याने माणशी दोन, म्हणजे दोघांची मिळून चार रोपं. ती कापून झाली, अंधाऱ्या धुण्याच्या खोलीत उलटी टांगली गेली. मग म्हणाला, वाळू देत. मग, बरण्या मुरू देत. त्याच्या मोठ्या भावाचा, कीथचा, हात असाच थरथरायला लागला होता. शेवटची वर्षं नेव्हिलने त्याला चमच्याने भरवलं होतं. म्हणून ग्लेंडा फार ताणत नसे. आता तर तिच्यात ताणण्याचं त्राणच उरलं नव्हतं.

गांजा लागायचा तिला. रात्री कंबर दुखायची, आणि घाईने वाळवलेल्याचा धूर घसा सोलून काढायचा. म्हणून नेव्हिल सावकाश वाळवायला शिकला. काडी वाकली की थांबायचं, कटकन मोडली की बरणीत. मग रोज झाकण उघडायचं आणि हुंगायचं. आधी कापलेल्या गवताचा वास. तो गेला की खरा वास परत येतो, म्हणजे बरणी झाली. नेव्हिलचं नाक त्यात कधी चुकलं नव्हतं.

“आलात का बाईसाहेब कामावर?” नेव्हिल स्लिपर घासत स्वयंपाकघरात आला. “माझ्या बरण्यांना हात? पगार कापीन.”

तिने झाकण लावलं आणि सिंककडे वळली. त्याचं नाक काय म्हणतं ते तिला आधी ऐकायचं होतं; पाणावलेले डोळे त्याला दिसायला नको होते.

“इकडे ये ना. आपली जागा घे.”

त्यांची ही जुनी पद्धत. मध्ये बरणी, समोरासमोर दोघं. लाडाने बोलावतो, असं तिला वाटायचं.

“भांडी विसळतेय. तू उघड.”

“एक कप आहे तिथे, ग्लेन. वळ की जरा.”

ती वळली नाही. मागे झाकण फिरल्याचा आवाज आला. मग लांब, मनापासून घेतलेला श्वास. वास सिंकपर्यंत पोचला.

“अहाहा,” नेव्हिल म्हणाला. “संत्र्याची साल. अजून एक...”

ती वळली. त्याने तिचे डोळे पाहिले, मग हातातली बरणी.

“ही गेली?”

“कुजली, नेव्ह. इथपर्यंत घाण मारतेय.”

त्याने झाकण लावायचा प्रयत्न केला. आटे जुळेनात. तिने ते त्याच्या हातातून घेतलं आणि लावलं.

“कधीपासून येत नाही वास?” ती म्हणाली.

“मागच्या हिवाळ्यापासून. टोस्ट जळला होता, आठवतं? तू खालून धावत आलीस. मी शेजारीच उभा होतो.” तो हसला, पण हसू टिकलं नाही. “कशाचाच येत नाही.”

“मग रोज कसं सांगायचास?”

“तुझ्या तोंडाकडे बघून. तू नाक उडवलंस की गवत. डोळे मिटलेस की संत्रं. फोनवर तोंड दिसत नाही ना.”

ग्लेंडा खुर्चीत बसली. बाहेर कुंपणावर मॅगपाय पक्षी ओरडत होते. गवतावरचं दहिवर अजून विरलं नव्हतं.

“कीथचंही वासापासूनच सुरू झालं होतं,” नेव्हिल म्हणाला. “हाताचं नंतर.”

हे तिला माहीत नव्हतं.

त्याने पहिली बरणी उचलली, उघडली आणि तिच्या नाकाखाली धरली. अंगठ्याबरोबर काचेवर झाकण बारीक किणकिणत होतं. तो तिच्याकडे बघत राहिला, नेहमीसारखा. आता तिला ते कळत होतं.

नाक उडवलं असतं, तर आणखी एक आठवडा मिळाला असता. दोघांनाही.

तिने श्वास आत घेतला. गवत कुठेच नव्हतं. नखाने सोललेलं संत्रं होतं, आणि मागे किंचित मिरी. तिने डोळे मिटले.

“झाली,” नेव्हिल म्हणाला. “डॉक्टरला फोन लाव.”