शह न देता

तिने वजीर उचलला. समोर बापाचा एकटा राजा उरला होता, तोही कोपऱ्यात. सहा महिने ती रोज हरली होती. आज जिंकली की परगावच्या कपड्यांच्या कारखान्यात नोकरीला जायचं, अशी पैज तिनेच त्याच्याशी लावली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि आज शनिवार उजाडला होता.

बाप शिंपी. नजर आता सुईपुरती अधू झालेली. दोरा तीच ओवायची, गिऱ्हाइकांची मापं तीच घ्यायची. जायला त्याची कधीच ना नव्हती, हीच तर पंचाईत. मागे एक नोकरी चालून आली तेव्हा म्हणाला, खुशाल जा, आणि त्याच दिवशी डझनभर कोटांचं काम घेऊन बसला. स्थळ आलं तेव्हा म्हणाला, तुझं तू बघ, माझे दिवस राहिलेत किती. भांडणाऱ्याशी भांडता तरी येतं, याच्याशी काय भांडणार? कापडं बेततानाच तिला बत्तिसावं लागलं होतं.

तिने वजीर राजापासून अडीच घरांवर ठेवला. राजाभोवतीची सगळी घरं बंद झाली. “मात,” ती म्हणाली आणि तिला चक्क रडू आलं.

म्हातारा मिशीत हसला. लहानपणी तिला बाही जोडायला शिकवली, त्याच मायेने समजावू लागला.

“मात कशी? शह कुठाय? तुझा वजीर याला मारतोय का? कुणी बोटसुद्धा लावत नाहीये याला. पण जाईल तिथे मरेल, म्हणून बिचाऱ्याला हलता येत नाही. नवशिके इथेच फसतात. ही बरोबरी झाली. मांड पुन्हा.”

तिने सोंगट्यांना हात लावला नाही. ती त्या राजाकडे बघत राहिली. त्याला कुणी काही करत नव्हतं आणि त्याला कुठे जाताही येत नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्हीही मला कधी शह दिला नाहीत.”

म्हातारा सोंगट्या गोळा करायला वाकला होता, तो तसाच राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पटाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

“मांडू नकोस,” शेवटी तो म्हणाला. “बरोबरी झाली तरी डाव संपतोच, पोरी. तू जा.”